असमान विद्युतक्षेत्रात द्रवस्फटिक: स्वतः सेल बनवून पाहण्याची रीत

पुस्तकात द्रवस्फटिकाचं चित्र बहुतेक वेळा एकच असतं: दोन समांतर काचा, मध्ये नेमॅटिक द्रव (ज्यात लांबट रेणू साधारण एकाच दिशेला असतात) आणि वरून खाली सरळ जाणाऱ्या क्षेत्ररेषा. व्होल्टेज दिलं की सगळे रेणू एकदम उभे राहतात. हे चित्र चूक नाही, पण अपुरं आहे. पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलला कडा असते आणि कडेपाशी क्षेत्ररेषा वाकतात. हिताचीने १९९६ मध्ये आणलेल्या आयपीएस (इन-प्लेन स्विचिंग) पडद्यांत तर दोन्ही इलेक्ट्रोड एकाच काचेवर असतात. तिथे सरळ क्षेत्र असं कुठे नसतंच.

अशा असमान क्षेत्रात द्रवस्फटिक काय करतो, हे एमएस्सीच्या साध्या प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येतं. नागपुरात ते करताना हवामानाचं भान जास्त ठेवावं लागतं, इतकंच. लेख मुख्यतः प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. सेल, म्हणजे दोन काचांमध्ये भरलेला द्रवस्फटिक, कसा बनवायचा हे मी सांगणारच आहे, पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. प्रत्येक रेणू आपल्या जागचं क्षेत्र पाहून वळतो, असा समज घेऊन पुष्कळ जण सूक्ष्मदर्शकाखाली बघायला बसतात आणि दिसतं ते त्यांना उलगडत नाही. द्रवस्फटिक क्षेत्र बिंदू-बिंदूने वाचत नाही. शेजाऱ्यांना सोडून एकट्याने वळणं त्याला परवडत नाही.

आधी दोन बळांचा हिशेब

नेमॅटिकमधल्या लांबट रेणूंची सरासरी दिशा म्हणजे डायरेक्टर. रेणूच्या लांबीच्या दिशेने डायइलेक्ट्रिक स्थिरांक जास्त असेल तर डायरेक्टर क्षेत्राच्या दिशेला यायला बघतो. हे वळवणारं बळ क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. म्हणून धन-ऋण टोकं उलटी केली तरी परिणाम तोच राहतो आणि आपल्याला एसी वापरता येतो.

दुसरं बळ लवचीकतेचं. काचेच्या पृष्ठभागाने रेणूंना एक दिशा लावून दिलेली असते. मधल्या रेणूंनी वळायचं म्हटलं की काच आणि मध्य यांच्यात वाक तयार होतो आणि वाकाला ऊर्जा लागते. ५सीबी या नेहमीच्या द्रवस्फटिकात हा लवचीक स्थिरांक सुमारे ६ पिकोन्यूटन आहे आणि डायइलेक्ट्रिक फरक (रेणूच्या लांबीच्या आणि आडव्या दिशेच्या स्थिरांकांतला) साधारण ११.

या दोन आकड्यांतून एक लांबी निघते. तिला सुसंगती लांबी म्हणू. लवचीक स्थिरांकाला डायइलेक्ट्रिक फरक आणि निर्वाताचा स्थिरांक यांच्या गुणाकाराने भागा, वर्गमूळ काढा. ५सीबीसाठी सुमारे ०.२५ व्होल्ट येतात. त्याला क्षेत्राने भागलं की लांबी मिळते. एका मायक्रॉनला १ व्होल्ट इतकं क्षेत्र असेल तर ०.२५ मायक्रॉन, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं असेल तर २.५ मायक्रॉन. क्षेत्र या लांबीपेक्षा सावकाश बदलत असेल तर डायरेक्टर त्याच्या मागोमाग जातो. त्याहून बारीक चढउतार असतील तर लवचीकता ते पुसून टाकते. पुढचं जवळजवळ सगळं निरीक्षण या एका आकड्याने वाचता येतं, म्हणून तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

नमुना आणि नागपूरचं तापमान

५सीबी १९७३ मध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलं. खोलीच्या तापमानाला टिकणारं म्हणून ते जगभर पोचलं. पण ती खोली इंग्लंडमधली होती. ५सीबी साधारण २४ ते ३५ अंश सेल्सिअस एवढ्याच पट्ट्यात नेमॅटिक असतं. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंशांच्या वर जातं आणि वातानुकूलन नसलेल्या खोलीत दुपारी ३५ सहज ओलांडले जातात. मग नमुना साधा द्रव होऊन बसतो, काटकोनात ठेवलेल्या पोलरायझरमधून सगळं काळं दिसतं आणि विद्यार्थी वायर तपासत राहतात. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी उलट गोष्ट: नमुना गोठून पांढऱ्या सुया दिसतात.

१८८८ साली फ्रीडरिख राइनिट्झर यांनी कोलेस्टेरिल बेंझोएटमध्ये हेच दोन टप्पे पाहिले होते: १४५.५ अंशांना वितळून दुधट आणि १७८.५ अंशांना एकदम नितळ. तीच खूण आपल्या कामाची आहे. बाटलीतलं ५सीबी दुधट दिसत असेल तर प्रयोग करा. नितळ दिसत असेल तर खोली थंड होईपर्यंत थांबा.

उन्हाळ्यात काम करायचंच असेल तर ई७ हे मिश्रण घ्या. ते ५८ अंशांच्या आसपासपर्यंत नेमॅटिक राहतं आणि थंडीतही गोठत नाही. त्याचा उंबरठा (ज्या व्होल्टेजला डायरेक्टर वळायला लागतो ते) ५सीबीपेक्षा थोडा वेगळा, १ व्होल्टच्या जवळ आहे. एमबीबीए हा दुसरा नेमॅटिक टाळा. ते हवेतली ओल शोषून खराब होतं आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये उघडी बाटली फार टिकत नाही.

कूलरचंही सांगायला हवं. कूलर खोली थंड करतो, पण हवा ओली करतो, आणि खाली आपण पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाचा थर वापरणार आहोत. लेप वाळवताना आणि सेल भरताना कूलर बंद ठेवा. प्रत्येक वाचनाशेजारी तापमान लिहा, तेही सेलला चिकटवलेल्या थर्मोकपलवरचं, भिंतीवरचं नव्हे. सूक्ष्मदर्शकाचा दिवा नमुना तापवतो आणि ३५ अंशांच्या जवळ जाताना ५सीबीचे सगळे स्थिरांक झपाट्याने बदलतात. २६ अंशांचं आणि ३३ अंशांचं वाचन एका आलेखावर टाकलं की तो आलेख वाया जातो.

काच, लेप, घासणं

आयटीओ (इंडियम टिन ऑक्साइड, पारदर्शक विद्युतवाहक) लेपाच्या काचेची कोणती बाजू विद्युतवाहक आहे ते मल्टिमीटरने बघा. ज्या बाजूला काहीशे ओहम किंवा कमी दिसतील ती आत. काच साबणाच्या पाण्याने, मग डिस्टिल्ड वॉटरने, शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुवा. यानंतर बोट लावायचं नाही. बोटाचा ठसा सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतो आणि तिथला कल बिघडलेला असतो.

पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं १ टक्का द्रावण काचेवर पातळ पसरवा. स्पिन कोटर असेल तर उत्तम, नसेल तर काच द्रावणातून सावकाश उभी बाहेर काढली तरी चालतं. सुमारे १०० अंशांना तासभर वाळवा. नंतर मखमलीच्या तुकड्याने एकाच दिशेने, हलक्या हाताने घासा. पुढे-मागे घासू नका. दिशा काचेच्या मागे मार्करने बाण काढून नोंदवा, कारण पाच मिनिटांनी ती कोणालाच आठवत नाही. हा थर जाड झाला तर व्होल्टेजचा काही भाग त्याच्यावरच पडतो आणि उंबरठा खोटा वाढलेला दिसतो.

अंतर राखायला मायलरच्या (पातळ प्लॅस्टिक फिल्मच्या) पट्ट्या वापरा, १२ किंवा २३ मायक्रॉनच्या. अॅल्युमिनियम फॉइल वापरलं तर दोन्ही काचा शॉर्ट होतील. कडा एपॉक्सीने बंद करा आणि एपॉक्सी पूर्ण कडक होऊ द्या. अर्धवट राहिलेली एपॉक्सी द्रवस्फटिकात उतरते आणि आयन वाढवते. भरताना नमुना आणि सेल दोन्ही ४० अंशांच्या आसपास असू द्या (मे महिन्यात हे आपोआपच होतं), कडेला थेंब ठेवा, केशाकर्षणाने तो आत जातो. मग सावकाश थंड करा. नेमॅटिक असताना भरलं तर प्रवाहाच्या दिशेचे पट्टे राहून जातात.

पहिला सेल: पाचर

असमान क्षेत्राची सुरुवात आयटीओत पाडलेल्या चिरेपासून (ती पुढे येते) करू नका, पाचरीपासून करा. दोन्ही काचा आयटीओच्या, मायलरची पट्टी एकाच बाजूला, दुसऱ्या बाजूला काचा जवळजवळ टेकलेल्या. घासण्याच्या दिशा एकमेकांच्या विरुद्ध. आता दोन्ही काचांमधलं व्होल्टेज सगळीकडे सारखं आहे, पण अंतर बदलत जातं, म्हणून क्षेत्र अरुंद टोकाला जास्त आणि रुंद टोकाला कमी.

जाडी मोजायला वेगळं साधन लागत नाही. सेल काटकोनात ठेवलेल्या पोलरायझरमध्ये, घासण्याची दिशा ४५ अंशांवर येईल असा ठेवा आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला सोडियम दिवा लावा. ५सीबीच्या दोन अपवर्तनांकांतला फरक सुमारे ०.१८ आहे, म्हणून ५८९ नॅनोमीटरच्या प्रकाशात दर ३.३ मायक्रॉन जाडीमागे एक काळी पट्टी येते. २३ मायक्रॉनच्या पाचरीत साताच्या आसपास पट्ट्या मोजता येतील. पोलरायझर नसतील तर नागपूरच्या बर्डी बाजारातल्या एखाद्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फुटलेला एलसीडी पडदा मागा. त्यावरची फिल्म सोलून वापरता येते.

आता १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर द्या आणि व्होल्टेज सावकाश वाढवा. विद्यार्थ्यांना आधी अंदाज लिहायला लावा. जवळजवळ सगळे लिहितात की अरुंद टोकाला क्षेत्र जास्त, तेव्हा तिथे आधी हालचाल होईल. प्रत्यक्षात ०.६ व्होल्टला ३ मायक्रॉनच्या जागी क्षेत्र २० मायक्रॉनच्या जागेपेक्षा सहा-सातपट असतं, तरी दोन्हीकडे सगळं शांत. ०.७ ते ०.८ व्होल्टच्या दरम्यान पट्ट्या सगळीकडेच सरकायला लागतात.

कारण जाडी कमी झाली की क्षेत्र वाढतं, पण वाक तितक्याच कमी अंतरात बसवावा लागतो आणि लवचीकतेचा विरोधही त्याच प्रमाणात वाढतो. दोन्ही परिणाम एकमेकांना फेडून टाकतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्सेव्होलोद फ्रेडेरिक्स यांनी रशियात हेच संक्रमण अभ्यासलं आणि ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. क्षेत्र कुठे किती आहे एवढंच पाहून उत्तर मिळत नाही, ते किती जागेत आहे हेही पाहावं लागतं. हे पाचरीत पटलं की चिरेतली अर्धी गोष्ट समजलेली असते.

वेगात मात्र फरक दिसतो. व्होल्टेज बंद केल्यावर डायरेक्टर परत यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. २५ अंशांना ३ मायक्रॉनच्या जागी तो साधारण १२ मिलिसेकंद, २० मायक्रॉनच्या जागी अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. पांढऱ्या प्रकाशात बघितलं तर रंग अरुंद टोकाकडून रुंद टोकाकडे मागे येतात. प्रत्येक विद्यार्थ्याने हे एकदा बघावंच.

दुसरा सेल: चीर

इथे खालच्या एकाच काचेवर आयटीओ, त्यात एक बारीक चीर, चिरेच्या दोन्ही बाजू म्हणजे दोन इलेक्ट्रोड. वरची काच साधी असावी. आयटीओची काच वर ठेवून ती कशालाच जोडली नाही तर काही बिघडत नाही असं वाटतं, पण बिघडतं: तो मोकळा थर मधलं काहीतरी व्होल्टेज धरतो, क्षेत्ररेषा उभ्या ओढून घेतो आणि चिरेतलं आडवं क्षेत्र मरतं.

चीर पाडायचे दोन मार्ग. काच कापायच्या हिऱ्याच्या पेनाने पट्टीच्या आधाराने एकच रेघ ओढा, किंवा दोन्ही बाजूंना टेप लावून मधल्या उघड्या रेषेवर जस्ताची पूड टाका आणि त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडून आयटीओ खरवडून काढा. दुसऱ्या पद्धतीत हायड्रोजन निघतो, म्हणून ती रसायनशास्त्र विभागाच्या धूर-कपाटात, हातमोजे आणि चष्मा घालूनच करा. नंतर दोन्ही बाजूंमध्ये मल्टिमीटरने काहीही वाहत नाही याची खात्री करा. चिरेची रुंदी सूक्ष्मदर्शकाखाली मोजा आणि तिचा सर्वांत सरळ तुकडा निरीक्षणासाठी निवडा. ५० मायक्रॉनची चीर आणि १२ मायक्रॉनचा सेल ही जोडी चांगली चालते.

चिरेतलं क्षेत्र म्हणजे व्होल्टेज भागिले रुंदी, असं धरू नका. पातळ, लांब-रुंद इलेक्ट्रोडसाठी चिरेच्या मध्यावर त्याच्या फक्त ६४ टक्के क्षेत्र असतं. कडेकडे जाताना ते वाढत जातं आणि कागदावर तरी कडेवर अनंत होतं. ५० मायक्रॉनच्या चिरेत, कडेपासून अर्ध्या मायक्रॉनवर, मध्याच्या पाचपट क्षेत्र असतं. समजा १० व्होल्ट दिले. मध्यावर क्षेत्र मायक्रॉनला सुमारे ०.१३ व्होल्ट, सुसंगती लांबी २ मायक्रॉन. कडेकडे जाल तशी ही लांबी घटते, पण कडेपासूनचं अंतर त्याहून वेगाने घटतं. दोन्ही आकडे ०.३ मायक्रॉनच्या आसपास जुळतात. त्याच्या आतलं क्षेत्र कितीही उसळी मारो, डायरेक्टरला ते वेगळं असं जाणवत नाही. वहीतला तो आकडा इथे कामाला येतो: अनंताची भीती न बाळगता हिशेब करता येतो.

दिसेल काय, हे घासण्याच्या दिशेवर ठरतं. दोन सेल बनवा.

पहिल्यात घासण्याची दिशा चिरेला समांतर ठेवा. आडवं क्षेत्र डायरेक्टरला काचेच्या प्रतलातच पिळतं. ३ ते ५ व्होल्टच्या दरम्यान चिरेत उजेड दिसायला लागेल. पण डावीकडे पिळायचं की उजवीकडे, याला क्षेत्राकडे काही उत्तर नाही, कारण दोन्ही सारखेच स्वस्त. म्हणून चिरेच्या लांबीत तुकडे पडतात, एक डावा, एक उजवा, आणि त्यांच्यामध्ये बारीक काळ्या भिंती उभ्या राहतात. उपाय साधा आहे: घासण्याची दिशा चिरेपासून १० ते १५ अंश कलती ठेवा. सगळ्यांना एकच बाजू जवळची होते आणि भिंती जातात.

दुसऱ्या सेलमध्ये घासण्याची दिशा चिरेला काटकोनात ठेवा. मला हाच सेल जास्त आवडतो, कारण यात असमानता अगदी नागडी दिसते. चिरेच्या मध्यावर क्षेत्र आणि डायरेक्टर आधीच एका दिशेत आहेत, तिथे काहीच घडत नाही. कडांपाशी क्षेत्ररेषा वर उचलल्या जातात आणि डायरेक्टर त्यांच्याबरोबर उठतो, डाव्या कडेला एका बाजूने, उजव्या कडेला विरुद्ध बाजूने. सोडियमच्या प्रकाशात दोन्ही कडांना समांतर पट्ट्या उमटतात आणि मधला भाग जशाचा तसा राहतो. व्होल्टेज वाढवलं की पट्ट्यांची संख्या वाढते. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या तंतोतंत सारख्या नसतील, कारण घासण्यामुळे काचेवर रेणू एक-दोन अंश आधीच उचललेले असतात. एका कडेला ते क्षेत्राला अनुकूल ठरतं, दुसऱ्या कडेला प्रतिकूल.

व्होल्टेज देताना

फंक्शन जनरेटर वापरा, घरातल्या २३० व्होल्टच्या जवळही जाऊ नका. ऑफसेट शून्य आहे हे ऑसिलोस्कोपवर बघा. डीसी राहिला तर द्रवातले आयन इलेक्ट्रोडकडे सरकून क्षेत्र झाकून टाकतात आणि नमुना हळूहळू खराब होतो. बरेच जनरेटर ५० ओहमचा भार गृहीत धरून आकडा दाखवतात. सेलचा रोध त्याहून फार मोठा असतो, म्हणून प्रत्यक्ष व्होल्टेज दाखवल्याच्या दुप्पट असतं. स्वस्त मल्टिमीटर १ किलोहर्ट्झला भरवशाचे नसतात. चौकोनी लहरीचा आरएमएस म्हणजे तिचं शिखर मूल्यच, हा तिचा मोठा फायदा.

चिरेच्या सेलमध्ये बारीक हवेचे बुडबुडे राहिले असतील तर त्यांच्यावर लक्ष ठेवा. असमान क्षेत्र फक्त वळवत नाही, ओढतंही. जास्त डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचा द्रव तीव्र क्षेत्राकडे खेचला जातो आणि बुडबुडे कमी क्षेत्राकडे ढकलले जातात. ते सरकत असतील तिथे जवळपासच्या पट्ट्या मोजू नका, त्या प्रवाहाने वाकलेल्या असतात.

संगणकावर तोच सेल

निरीक्षण पुरेसं झालं की पायथॉनमध्ये चिरेचा आडवा छेद सोडवा. एक मायक्रॉनची जाळी पुरते, कारण १० व्होल्टला मध्यावरची सुसंगती लांबी २ मायक्रॉन आहे. कडेपाशी जाळी बारीक करता आली तर करा. प्रत्येक जागी दोन संख्या ठेवा: विभव आणि डायरेक्टरचा कोन. आधी कोन स्थिर धरून विभव सोडवा, मग त्या क्षेत्रात कोन थोडा पुढे न्या, मग पुन्हा विभव. ही आलटापालट टाळता येत नाही. डायरेक्टर वळला की त्या जागचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक बदलतो आणि क्षेत्रही बदलतं. काळाची पायरी ३ मिलिसेकंदांच्या खाली ठेवा, नाहीतर गणित फुटतं. सुरुवातीचा कोन शून्य न ठेवता एक-दोन अंश ठेवा. अगदी शून्यावर असलेला डायरेक्टर संगणकात अनंत काळ तसाच पडून राहतो, खऱ्या काचेवर तसं कधी होत नाही.

मिळालेल्या कोनांवरून प्रत्येक जागी किती पट्ट्या सरकायला हव्यात ते काढा आणि फोटोशी लावून बघा. मध्य जुळला आणि कडा जुळल्या नाहीत, तर आधी चिरेची खरी रुंदी पुन्हा मोजा. तरीही जुळत नसेल तर वारंवारता एक-दोन हर्ट्झपर्यंत खाली आणा आणि प्रत्येक अर्ध्या लहरीला चित्र बदलतं का ते बघा. डायइलेक्ट्रिक परिणाम चिन्ह पाहत नाही. चिन्ह बदलल्यावर चित्र बदलत असेल तर तिथे दुसरं काहीतरी आहे: एक तर आयन, नाहीतर रॉबर्ट मेयर यांनी १९६९ मध्ये मांडलेला फ्लेक्सोइलेक्ट्रिक परिणाम. त्यात वाकलेला डायरेक्टर स्वतःच ध्रुवित होतो आणि क्षेत्राच्या उताराशी थेट जोडला जातो, म्हणून चिरेच्या कडा ही तो दिसण्याची नैसर्गिक जागा. दोघांना वेगळं करायला तोच प्रयोग ताज्या, शुद्ध नमुन्यावर करा. चित्र बरंच फिकं झालं तर आयन, तसंच राहिलं तर फ्लेक्सोइलेक्ट्रिक पदही गणितात घाला.